डाव्या खांबापाशी

१

सरांनी पाकिटातली काच काढली, खिडकीच्या उजेडात धरली, आणि त्यांना तिच्यातून समोरच्या गल्लीत पंक्चर काढणारा सायकलवाला स्वच्छ दिसला.

दिसायला हवा होता अर्धनारीश्वर. डोंगर पोखरून कोरलेल्या लेण्यातली ती मूर्ती, फोटोग्राफी नुकती कुठं रांगायला लागली होती त्या काळात, एका हौशी माणसानं काचेच्या निगेटिव्हवर उतरवली होती. तीच काच या पाकिटात होती. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत होती. आज तिच्या जागी त्याच मापाची कोरी काच होती.

"चोरी!" सर ओरडले. सर मूर्तिशास्त्राचे अभ्यासक. एरवी त्यांचं बोलणं शेजारच्या खुर्चीपर्यंतसुद्धा पोचत नसे.

मावशीशेजारी उभी असलेली तिची भाची खुर्चीत मटकन बसली. त्या छोट्या संग्रहालयातलं तिचं हे पहिलंच प्रदर्शन. लेण्यांचे जुने फोटो, आणि उद्घाटन आज संध्याकाळी. सगळ्या काचा तिनं गल्लीपलीकडच्या स्टुडिओच्या आबांकडून स्वतःच्या शब्दावर मागून आणल्या होत्या, आणि ही एक सोडून बाकीच्यांवरून फोटो छापून घेतले होते. आबा म्हणजे त्या हौशी फोटोग्राफरचे नातू. काचा देताना ते एवढंच म्हणाले होते, "पोरी, एका काचेला जरी काही झालं, तरी सगळं भिंतीवरून उतरवून परत नेईन."

"आता काय करू गं मावशी?" भाचीचा आवाज रडवेला झाला होता.

मावशी सकाळच्या गाडीनं खास प्रदर्शनासाठी आली होती आणि अजून पिशवी हातातच होती. तिनं उभा जन्म इस्पितळाच्या एक्स-रे विभागात काढला होता. निवृत्त होऊन चार दिवस झाले म्हणून सवय थोडीच जाते? माणसं गडबडली की तिच्या तोंडून आपसूक तेच बाहेर पडायचं.

"श्वास रोखा," ती म्हणाली. "हलू नका. हं, सोडा."

सरांनी खरोखरच श्वास रोखला होता. ते ओशाळले.

"आता नीट सांग. काल इथं कोण कोण होतं?"

होते चौघं. सर फोटोंखालच्या ओळी तपासायला. आबा काचांची शेवटची पेटी पोचवायला. फ्रेमवाला फोटो टांगायला. आणि आबांच्या स्टुडिओतले डागकाढे.

"हे आडनाव आहे?"

"नाही गं. ते रिटचिंग करतात. फोटोतले मुरूम, सुरकुत्या, डाग काढतात, म्हणून डागकाढे. खरं आडनाव आता त्यांनाही विचार करून सांगावं लागेल. आज सकाळी येऊन ते याच काचेवरचा डाग खरवडणार होते."

"तो डाग म्हणजे माझी डोकेदुखी," सर म्हणाले. "मूर्ती अप्रतिम आलीय, पण डाव्या खांबापाशी धुरकट ढग. माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो ढग कसा घेऊ? मीच आबांच्या मागे लागलो. त्यांच्या वडिलांनीच पाकिटावर 'खराब' लिहून ठेवलं होतं. आबा म्हणाले, खराबच आहे, तर खरवडा."

मावशीनं कोरी काच बोटांनी चाचपली. मापात होती. अगदी तंतोतंत.

"चोर बेसावध नव्हता," ती म्हणाली. "त्यानं काच आधी बेतून आणली."

भाचीनं तिचा दंड धरला. "मावशी, काच मापात कापणारा आमच्याकडे एकच माणूस येतो. आणि तो आत्ता जिन्यात आहे."

२

फ्रेमवाला जिन्यात आडवा होऊन खिळा ठोकत होता आणि उरलेले खिळे त्याच्या ओठांत होते. त्यामुळे त्याचा पहिला जबाब कुणालाच कळला नाही.

"खिळे काढ आणि बोल," मावशी म्हणाली.

"म्हटलं, ही काच माझी नाही." त्यानं कोरी काच जिन्यातल्या झरोक्याकडे धरली. "बुडबुडे बघा तिच्या पोटात. नि कडेला लाटा आल्यात. ही आजोबा-पणजोबांच्या काळातली काच. मी अशी काच गिऱ्हाइकाला लावली तर तो माझ्याच डोक्यात घालेल."

"मग अशी कुठं मिळेल?"

"कुठं मिळणार? आबांच्या माळ्यावर. फुकट गेलेल्या जुन्या काचा धुऊन ठेवल्यात त्यांनी." तो जीभ चावून म्हणाला, "म्हणजे, मी काही कुणाचं नाव घेतलं नाही हां."

त्यानं परत खिळे तोंडात टाकले. मावशीला तो आवडला. खोटं बोलणारा माणूस तोंडात खिळे ठेवून इतका निवांत हसत नाही, असं तिचं मत पडलं.

मग ती भाचीबरोबर दालनात गेली. छतावरून चुन्याची भुकटी गळत होती म्हणून प्रत्येक फोटोवर जुनं कापड टाकलेलं होतं. कापडं उचलत उचलत भाची सांगत गेली आणि सांगता सांगता तिचं रडू विसरली. एकाच दगडातून सोडवलेले खांब. छतावरचं कमळ. नाचणारा शिव, त्याचे हात मोजायला गेलं तर आपलेच अपुरे पडतात.

"आणि ही?" मावशीनं कोपऱ्यातलं शेवटचं कापड उचललं.

बाकीच्या फ्रेमा सागवानी, ही काळी. आतला फोटो इतरांपेक्षा अंधारा, राखाडी. पण मूर्ती साक्षात समोर उभी होती. अर्धा देव, अर्धी देवी. एका अंगाला सपाट छाती आणि नाग, दुसऱ्या अंगाला भरलेलं वक्ष, नाजूक कंबर आणि हातात आरसा. डावीकडे देवी, उजवीकडे देव, आणि उजव्या खांबापाशी तो ढग.

"अगं, ही तर हरवलेल्याच काचेची प्रत," भाची म्हणाली. "आबांनी जुनी कुठली तरी दिली असेल. जागा रिकामी दिसू नये म्हणून फ्रेमवाल्यानं लावली असणार."

मावशी मागे सरली, पुढे आली, मान वाकडी करून पाहिलं. फोटो सुंदर होता. पण काहीतरी खटकत होतं, आणि काय ते काही केल्या सुचेना. असं खटकलं की इस्पितळात ती पेशंटला थांबवून ठेवायची.

"हा फोटो इथून हलवू नकोस," ती कापड परत टाकत म्हणाली. "मी जरा स्टुडिओत जाऊन येते. आबांना काही सांगत नाही, घाबरू नकोस."

३

स्टुडिओत दोन म्हातारे एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

"या, या," आबा म्हणाले. "पोरीची मावशी म्हणजे आमचीच पाहुणी. त्यांना सांगा, पंखा वाढवा."

"कुणाला सांगू?" मावशीनं इकडेतिकडे पाहिलं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"त्यांना सांगा, पंखा तीनवरच आहे," उतरत्या टेबलापाशी वाकलेले डागकाढे मान न वळवता म्हणाले.

अबोला होता. कारण कळायला वेळ लागला नाही, कारण दोघंही ते सांगायला टपलेलेच होते. आबांच्या लग्नाच्या फोटोत त्यांच्या बायकोच्या गालावरचा तीळ डागकाढ्यांनी डाग समजून घालवला. आबा चिडले. डागकाढे म्हणाले, तोंड उघडून आधी सांगायचं होतं. तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी तोंड उघडलेलं नव्हतं. आबांना आता नातवंडं होती.

"तरी इथंच काम करता?" मावशीनं विचारलं.

"भांडण वेगळं, काम वेगळं," दोघंही एकदम म्हणाले आणि दोघांनाही त्याचा राग आला.

आबा जुन्या काळच्या गोष्टी सांगण्यात रमले. लेण्यात अंधार गुडूप. आजोबा तंबूतच काचेवर रसायनाचा ओला थर द्यायचे आणि तो वाळायच्या आत फोटो घ्यायचा. त्यातून उजेड म्हणजे बाहेरचं ऊन आरशावर झेलून आत मूर्तीवर फेकायचं. कितीतरी वेळ ते तसंच धरून ठेवायचं.

"आरसा कोण धरायचं?"

"माझी आजी." आबांचा आवाज मऊ झाला. "अख्खा डोंगर टिपला आजोबांनी, पण आजीचा एक फोटो नाही. उजेड धरायला तीच, मग तिचा कोण काढणार? तिच्या मांडीवर वाढलो हो मी. आता चेहरा आठवायला बसतो, तर नुसता डावा हात आठवतो. डावखुरी होती. भरवायची डाव्या हातानं आणि धपाटाही डाव्याच हातानं."

ते हसले, पण लगेच उठून पाठमोरे झाले. मावशीला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. आबांनी उगाच कपाटातून एक जुनी काच काढली आणि कॅमेऱ्याच्या काळ्या कापडावर ठेवली. "हे बघा, गंमत."

उजेडात धरल्यावर भुतासारखा पांढऱ्या केसांचा, काळ्या तोंडाचा दिसणारा माणूस काळ्या कापडावर एकाएकी माणसासारखा माणूस झाला.

"अगं बाई! निगेटिव्हचा फोटोच झाला की!"

"जुन्या काचांचा गुण. खाली काळं असलं की काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं दिसतं."

मावशी मग डागकाढ्यांच्या टेबलाशी गेली. काच उतरत्या चौकटीवर मागून उजेड घेऊन उभी होती आणि डागकाढे तिच्यावर बारीक पात्यानं हलके हलके ओरखडत होते.

"काचेच्या कुठल्या बाजूनं खरवडता?"

"थराच्या. चित्र तिथंच असतं ना. दुसरी बाजू नुसती गुळगुळीत." ते पातं पुसत म्हणाले, "थराला कधी काही टेकू द्यायचं नाही. कापडसुद्धा घासलं की संपलं."

"आणि ती अर्धनारीची काच?"

पातं थांबलं. "ती मी अजून पाहिलीच नाही. पाकीट तुमच्या भाचीकडे. सरांनी सांगितलं तेवढंच ठाऊक. उजव्या खांबापाशी ढग आलाय म्हणे."

"असं," मावशी म्हणाली.

तेवढ्यात आबा काठी घेऊन दारात उभे राहिले. "चला, मीही येतो. डाग आहे तरी केवढा ते बघतो. पात्याखाली जाण्याआधी ती काच एकदा हातात घ्यावीशी वाटतेय."

मावशी त्यांच्या आधी उंबरा ओलांडून बाहेर पडली.

४

गल्ली ओलांडायला आबांना वेळ लागत होता, तेवढाच मावशीला मिळाला. ती पायऱ्या चढून धापा टाकत दालनात शिरली. सर चहात बिस्कीट बुडवून दुःख करत होते.

"सर, अर्धनारीत देवी कुठल्या अंगाला?"

"डाव्या. अर्थात."

"नेहमी?"

"नेहमी! म्हणून तर तिला वामांगी म्हणतात." सरांचं बिस्कीट चहात पडलं, पण विषय निघाला होता. "देवाचं उजवं अंग शिवाचं, डावं पार्वतीचं. म्हणजे समोरून बघणाऱ्याला पार्वती उजवीकडे दिसणार."

"आमच्याकडेही तसंच," मावशी पुटपुटली. "पेशंटचं डावं ते आपलं उजवं. म्हणून तर फिल्मच्या कोपऱ्यात डाव्या-उजव्याचं शिशाचं अक्षर ठेवायचं. नाहीतर फिल्म पालथी लागायची आणि उजव्या पायाचं प्लास्टर डाव्याला." ती एकदम थांबली. "सर, ढग कुठल्या खांबापाशी म्हणालात?"

"डाव्या. पाकीट आलं तेव्हा मी स्वतः उजेडात धरून पाहिलाय."

"डागकाढ्यांना काय सांगितलंत?"

"तेच. डाव्या. का?"

मावशीनं पदर खोचला. तिचा चेहरा फुलला होता. बाहेर जिन्यावर आबांची काठी वाजत होती आणि भाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशी, आबा आले! काय सांगू त्यांना?"

"सांग, या बसा," मावशी म्हणाली. "काच चोरीला गेलेली नाही. ती याच खोलीत आहे. आणि गल्लीपलीकडे हाक मार, डागकाढ्यांना म्हणावं मावशींनी बोलावलंय. हातातलं पातं खाली ठेवून या म्हणावं."

५

सगळे जमले. आबांना कोरी काच दाखवली तेव्हा त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "उतरवा सगळं," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. शब्दावर दिलं, हेच चुकलं माझं."

"आबा, श्वास रोखा," मावशी म्हणाली आणि कोपऱ्यातल्या फोटोवरचं कापड ओढलं.

सरांनी पाहिलं मात्र, ते किंचाळलेच. "पार्वती उजव्या अंगाला? अशक्य! असा अर्धनारी कुणी कोरलेला नाही!"

"कोरला नीटच आहे. लावलाय पालथा." मावशीनं फ्रेमवाल्याला बोलावलं. "ही फ्रेम तुझी?"

"छे! मला वाटलं ताईंनी लावली."

"आणि ताईला वाटलं तू लावलीस. दोघांच्या मधे फोटो खपून गेला. पण तो फोटो नाहीच. ती काच आहे. मागे काळं कापड आहे, म्हणून निगेटिव्ह फोटोसारखं दिसतंय. आबांनीच मला ही गंमत दाखवली. काच लपवायला सगळ्यांत चांगली जागा कुठली, तर तिच्यासाठी भरवलेलं प्रदर्शन!"

फ्रेमवाल्यानं मागचा पुठ्ठा काढला. काळं कापड, आणि त्यावर काच. सबंध, शाबूत. भाचीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती हसायलाच लागली.

"आता ठेवली कुणी?" मावशी पुढे म्हणाली. "चित्राचा थर कापडाला घासू नये म्हणून गुळगुळीत बाजू कापडावर टेकवलीय आणि थर वर ठेवलाय. म्हणजे काचांची जाण असलेला माणूस. फ्रेमवाला नव्हे. पण थराच्या बाजूनं पाहिलं की चित्र उलटं दिसतं. सरांच्या हे पहिल्या क्षणी ध्यानात आलं, म्हणजे सरही नव्हेत. आबा आयुष्यभर काचेवरून फोटो छापतात, त्यांना सुलट बघायची सवय. मग उलटंच ज्याला सुलट वाटतं, असा माणूस कोण? जो रोज थराच्या बाजूनं बसून डाग काढतो तो. सरांनी त्याला डावा खांब सांगितला. तो मला उजवा म्हणाला. काच न बघता त्याला उजवा कुठून दिसला?"

सगळ्यांनी डागकाढ्यांकडे पाहिलं. त्यांनी आबांकडे पाहिलं नाही.

"त्यांना सांगा," ते मावशीला म्हणाले, "मी चोर नाही. काल सगळे गडबडीत होते, तेव्हा म्हटलं उद्याचं काम बघून ठेवू. भिंग लावलं. आणि हात चालेना. मुरूम पेन्सिलीनं भरता येतो, नको असला तर पुसता येतो. पण असा पांढरा डाग खरवडावाच लागतो, आणि खरवडलेलं परत येत नाही. तो डाग नाही. ते त्यांचंच माणूस आहे."

"मग हे सांगायचं नाही का मला?" आबा गरजले.

"सांगणार कसं? अबोला आहे ना आपला!" डागकाढे पहिल्यांदाच आबांच्या तोंडावर ओरडले आणि मग स्वतःच चपापले. "माळ्यावरची कोरी काच पाकिटात सारली आणि हिला काळ्या चौकटीत घालून टांगलं. वाटलं, सगळ्यांसमोर भिंतीवर असलं की तुम्हीच बघाल. निदान कुणाचं पातं तरी तिला लागणार नाही."

मावशीनं भिंग घेऊन ढगावर धरलं. "बरोबर आहे. डाग वरून पडतो, त्याखालचं सगळं झाकतो. इथं ढगातून खांबाची नक्षी दिसतेय. आमच्याकडे हे रोजचंच. पेशंट थोडा वेळ स्थिर बसला आणि मग उठून गेला. आरसा धरून बसलेली बाई आहे, आबा. चुकून फोटोत आली असणार. आजोबांनी हाकललं आणि ती उठली."

आबांनी भिंग हातात घेतलं. खूप वेळ ते वाकून राहिले. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"नाही," ते म्हणाले. "बाई आहे खरी. पण आजी नव्हे. हिनं आरसा उजव्या हातात धरलाय. माझी आजी डावखुरी होती. दुसरी कुणीतरी मदतीला आली असेल."

ते शांतपणे म्हणाले, त्यामुळे आणखी वाईट वाटलं. डागकाढ्यांचं तोंड उतरलं. भाचीनं सुस्कारा सोडला. मावशीनं मात्र कपाळावर हात मारून घेतला आणि खो खो हसत सुटली.

"अहो आबा! काच पालथी आहे ना!"

ती काच उचलायला गेली तसे डागकाढे ओरडले, "थांबा, थर घासेल!" त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी काच कडेनं उचलली, उलटी केली, आणि कापडाला न टेकवता जरा वर धरली. पार्वती आपल्या अंगाला गेली, शिव आपल्या. ढग डाव्या खांबापाशी गेला. काच बघायची तर आबांना डागकाढ्यांच्या खांद्याला खांदा लावूनच उभं राहावं लागलं.

आबांनी भिंग लावलं. खांबाच्या नक्षीत विरघळल्यासारखी एक तरुण बाई बसली होती. पदर डोक्यावर, ओठ हसू दाबलेले. डाव्या हातात आरसा.

"आजी," आबा म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. डागकाढ्यांचे हात अवघडले होते, पण त्यांनी काच रेसभरही हलू दिली नाही.

"सर," थोड्या वेळानं आबा डोळे पुसत म्हणाले, "तुमच्या मुखपृष्ठाचं काय?"

"ढगासकट घेतो," सर नाक ओढत म्हणाले. "मूर्तीवर उजेड तिनंच टाकलाय. तिला बाहेर कसं ठेवणार?"

संध्याकाळी उद्घाटनाला गर्दी झाली. काच कोपऱ्यातच राहिली, आता सुलट, काळ्या कापडापासून बोटभर दूर, आणि फ्रेमवाल्यानं तिला कौतुकानं सागवानी चौकट केली. तिच्यासमोर दोन म्हातारे एकाच बाकावर बसले होते.

"त्यांना सांगा," आबांनी मावशीकडे पाहून सुरुवात केली, मग थांबले आणि मान वळवली. "अरे, तो तीळ मात्र तू घालवायला नको होतास."

"घालवलाय कुठं?" डागकाढे म्हणाले. "पेन्सिलीनं नुसता भरलाय. निगेटिव्हवर ओला बोळा फिरवला की जसाच्या तसा वर येईल."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

आबा उठले, काठी घेतली आणि डागकाढ्यांचा दंड धरला. "चल. स्टुडिओ उघडू. ती तिळाची वाट बघत असेल."